अंगण खरंच वाकडं होतं

४ जानेवारी, सोमवार

दादा,

तुझी चिठ्ठी वहिनीने दारातच माझ्या हातात कोंबली आणि चपलाही न काढता परत फिरली. बिचारीला वाटलं असेल, ही आता फाडून अंगावर फेकेल. फाडली नाही. तीनदा वाचली.

"झालं गेलं विसरून वर्गात ये. फक्त एकदा सगळ्यांसमोर माफी माग, म्हणजे पालकांच्या मनातलं किल्मिष जाईल."

किल्मिष! कुठून शोधून आणतोस रे असले शब्द? सख्ख्या बहिणीला लिहितोयस की नोटीस बोर्डावर चिकटवतोयस?

तर उत्तर ऐक. मी येणार नाही आणि माफीही मागणार नाही.

वार्षिक कार्यक्रमात काय झालं ते तुला ठाऊक आहे, तरी सांगते. हॉलमध्ये दोनशे माणसं. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि माझा उजवा हात खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत बधिर झाला. बाबांची गिटार मांडीवरून घसरली, स्टेजवर आपटली. वरचं डोकं मानेपासून तुटलं, पुढच्या फळीला तडा गेला. आणि तू काय केलंस? माझा हात बघितलास? काय गं, बरं वाटत नाही का, एवढं तरी विचारलंस? तू माईक उचललास आणि म्हणालास, "काही माणसांना वडिलांच्या वस्तूची किंमत नसते. हिने मुद्दाम टाकली."

समोर माझे विद्यार्थी बसले होते, दादा. पहिल्या रांगेत तुझी लेक चिंगी होती.

एकोणीस वर्षं मी आपल्या गिटारच्या वर्गात शिकवलं. खाली लॉन्ड्री, वर आपली खोली, दुपारी वाफ वर आली की तारासुद्धा घामेजायच्या. त्या एकोणीस वर्षांत मी तुला किती वेळा सांगितलं की ही मोठ्या पोटाची गिटार मला झेपत नाही? माझी उंची चार फूट अकरा. तिच्या कडेवरून हात पलीकडे टाकायचा तर खांदा कानाला लावावा लागतो. तू दर वेळी एकच म्हण तोंडावर फेकायचास. नाचता येईना, अंगण वाकडं. बाबांची म्हण. त्यांनी वर्ग तुझ्या नावावर केला तेव्हा तीही केली असावी.

आता बातमी ऐक. मी लहान गिटार घेणार आहे. माझ्या मापाची. तू जिला 'खेळणं' म्हणतोस तसली.

तुझी बहीण
(यापुढे चिठ्ठीवर 'बुटकीस' असं लिहिलंस तर न उघडता परत पाठवीन.)


१३ जानेवारी, बुधवार

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मूग गिळून बसणं हा तुझा आवडता राग आहे, खुशाल आळव.

खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जाऊन आले. त्यांनी माझा हात मागे वळवला तेव्हा मी अशी ओरडले की बाहेर बसलेला पेशंट उठून निघून गेला. त्या म्हणाल्या, "कधीपासून दुखतंय?"

"बारा-तेरा वर्षं."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

काय सांगू? भावाची म्हण ऐकली, असं सांगू?

मोठी गिटार बंद, असं त्यांनी बजावलं. लहान अंगाची चालेल, पण खांदा न उचलता वाजवता आली पाहिजे. म्हणून शनिवारी त्या काचेच्या मोठ्या दुकानात गेले. सेल्समन धावत आला. "मॅडम, मुलीसाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"ओ, लेडीज गिटार!" म्हणाला, आणि एक गुलाबी गिटार खाली काढली. तिच्यावर फुलपाखरू होतं. मी त्याला विचारलं, "पुरुषांच्या गिटारीवर काय असतं, मिशा?" तो हसला नाही.

मग प्रवासात न्यायची चिमुकली गिटार दाखवली. खांद्याला अगदी आराम. पण आवाज असा की डब्यात वाटाणे हलवावेत. मग एक चपटी दिली, पापडासारखी. तिला वायर लावल्याशिवाय ऐकूच येत नाही. "प्लग लावला की आवाज दणदणीत, मॅडम." आणि वीज गेली की? मॅडमने तोंडाने वाजवायचं?

घरी येताना मनात तुझाच आवाज. लहान गिटार, लहान आवाज. त्या दुकानापुरता तू बरोबर होतास, हे कबूल करताना माझे दात शिवशिवतायत.

तुला आठवतं का, मी चौदा वर्षांची असताना बाबांनी ती गिटार पहिल्यांदा माझ्या मांडीवर ठेवली? घरात पाहुणे होते. बाबा म्हणाले, "अरे, आवाज तर येतोय, पण गिटारीमागे कुणी आहे का?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तू. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.


२९ जानेवारी, शुक्रवार

दादा,

गिटार मिळाली.

सायकलच्या दुकानामागच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले होते. वर्गातल्या गिटारी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जातात, पण मी स्वतः कधी पाच मिनिटांच्या वर तिथे थांबले नव्हते. अर्ध्या खोलीत लाकूड, अर्ध्या खोलीत भुसा, आणि मधे सरसाचं पातेलं. बाबांची गिटार टेबलावर शिकंज्यांत अडकवून ठेवली होती, हॉस्पिटलमधल्या पेशंटसारखी. मी तिच्याकडे पाठ करून बसले.

काकांनी मला बिनहाताच्या स्टुलावर बसवलं. भिंतीवरची गिटार काढून माझ्याकडे आणता आणता मधेच थांबले.

"ताई, गिटार अजून माझ्या हातात आहे. तुमचा खांदा आत्ताच वर गेला."

मी बघितलं. खरंच गेला होता. मोठ्याने ओरडणाऱ्या मास्तरांनी नुसता हात उचलला तरी पोरं डोकं खाली घालतात ना, तसा.

"आधी तो खाली आणा," ते म्हणाले. "तारांना हात लावायचा नाही. गिटार नुसती धरून बसा. माणूस चप्पल घेताना दोन पावलं चालून बघतो, आणि गिटार घेताना लगेच गाणं वाजवतो. गाण्याच्या नादात चावतेय कुठे ते कळत नाही."

पहिली गिटार फारच लहान होती. मांडीवर इतकी खाली बसली की तिच्यापर्यंत जायला मला पाठीतून वाकावं लागलं. काकांनी लगेच काढून घेतली. "लहान आहे म्हणजे तुमच्या मापाची आहे असं नाही." दुसरी समोरून छान, कंबर मांडीवर बरोबर बसली, पण पोट जाड. कोपर बाहेर ढकललं जात होतं. पाच मिनिटांत दंडात तीच ओळखीची कळ. तिसरी जुनी होती, पुढच्या फळीवर नखांचे ओरखडे. कंबर बारीक, पोटाची जाडी चार बोटांहून थोडी जास्त, मानही जराशी आखूड, म्हणजे मानेच्या टोकाला, पहिल्या पट्टीपाशी धरायचे ते जीवघेणे सूर धरायला डावा हात ताणावा लागत नाही. उजवा हात तिच्या अंगावर टाकला आणि तो तिथेच राहिला. धरून ठेवावा लागला नाही.

मग काका म्हणाले, "आता वाजवा."

आवाज लहान नाही, दादा. आपल्या वर्गातल्या गिटारी सभेत भाषण केल्यासारख्या बोलतात. ही समोर बसलेल्या माणसाशी बोलते. मी पाऊण तास वाजवलं. न थांबता. काहीही दुखलं नाही.

आनंद व्हायला हवा होता ना? मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. पाऊण तास! मला वाटत होतं, मी आळशी आहे. रियाजाला कमी पडते. बाबा म्हणायचे ते खरं, हिला जिद्द नाही. आणि सगळा प्रश्न एवढ्याशा लाकडाचा होता. अंगण खरंच वाकडं होतं, दादा.

काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग जे बोलले ते मी उद्या लिहीन. आज लिहिलं तर कागद फाटेल.


३० जानेवारी, शनिवार

दादा,

सहा वर्षांपूर्वी तू त्याच स्टुलावर बसला होतास.

काकांना वाटलं, मला माहीत असेल. सहज बोलून गेले. "तुमचे दादा आले होते ना, खांदा धरून. हीच गिटार दिली होती त्यांना. तासभर वाजवली. म्हणाले, किती वर्षांनी दुखल्याशिवाय वाजवतोय. मग परत भिंतीला अडकवली. म्हणाले, ही घेऊन वर्गात बसलो तर लोक काय म्हणतील? बाबांनी घालून दिलेली शिस्त आहे."

सहा वर्षं. म्हणजे त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तुझ्यासमोर येऊन म्हणाले, "दादा, हात भरून येतो," तेव्हा तेव्हा तुला कळत होतं. अगदी कुठे कळ येते, कुठून कुठे जाते, सगळं. तुझ्या टेबलाच्या खणात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी असायची. मी विचारलं होतं, तर म्हणालास, "डोकेदुखी." आणि त्याच तोंडाने मला म्हण ऐकवलीस. त्याच तोंडाने दोनशे माणसांसमोर मला खोटारडी ठरवलंस.

न कळणाऱ्या माणसाला मी माफ करू शकले असते. बाबांना कळत नव्हतं असं मी स्वतःला समजावते. त्यांनाही कळत असेल, तर मला सांगू नकोस.

आज एवढंच.


९ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

रविवारी दुपारी वहिनी आली होती. चिंगीला घेऊन. तुला सांगितलं असेल, मैत्रिणीकडे जाते म्हणून. तिच्यावर ओरडू नकोस. तुझ्या घरात खरं बोलायची सोय तूच ठेवलेली नाहीस.

वहिनी म्हणाली, "वन्सं, हिचा खांदा बघा जरा." चिंगी बारा वर्षांची, हडकुळी, माझ्याच चणीची. मी म्हटलं, समोर गिटार आहे असं समजून बस. ती बसली. उजवा खांदा कानाला लागला, दादा. रिकाम्या हातांनी.

"दुखतं का गं?"

तिने आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, "पप्पांना सांगू नको, आत्या. ते म्हणतील अंगण वाकडं."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

मग चिंगीने मला विचारलं. लहान मुलं विचारतात तसं, सरळ. "आत्या, तू ती गिटार मुद्दाम टाकलीस का?"

तुला मी पहिल्या पत्रात एक गोष्ट सांगितली नाही. तिला सांगितली. ती तुला सांगेल, त्याआधी मीच सांगते.

माझा उजवा हात बधिर झाला हे शंभर टक्के खरं आहे. पण गिटारीची मान डाव्या हातात असते. डावा हात ठणठणीत होता. गिटार घसरायला लागली तेव्हा त्याची मूठ आवळली असती तर ती पडली नसती. मला तेवढा वेळ होता. फार नाही, पण होता. मी तुझ्याकडे बघितलं. तू विंगेत उभा राहून भुवया उंचावून खूण करत होतास, खांदा नीट कर. आणि मी डावा हात उघडला.

म्हणजे तू माईकवर बोललास ते खरं निघालं. ठाऊक नसताना, नुसता वार म्हणून बोललास, आणि खरं निघालं. याचा मला किती राग येतो याची तुला कल्पना नाही. महिनाभर मी तुझ्या नावाने बोटं मोडतेय आणि रोज रात्री तो डावा हात आठवतो.

बाबांच्या गिटारीची मी माफी मागते. ती चांगली होती, बिचारीचा काही दोष नव्हता, ती फक्त उंच माणसासाठी बनवलेली होती. तुझी माफी मागत नाही. तुझा हिशोब वेगळा आहे.

आता मुद्द्याचं. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मी चिंगीला काकांकडे नेणार आहे. तिच्या मापाची गिटार ती स्वतः निवडेल. वहिनीला मान्य आहे. तू आलास तर ये. नाही आलास तरी ती जाणार. माझं आयुष्य तुझ्या म्हणीत गेलं, तिचं जाऊ देणार नाही, मग तू मला घराचं दार बंद केलंस तरी चालेल. तसंही ते फारसं उघडं नव्हतं.


१४ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तू म्हणशील, मी काल तिथेच होतो, मला काय सांगतेस. पण सोयीचं तेवढं लक्षात ठेवायची तुला सवय आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

चिंगी, वहिनी आणि मी पोचलो तेव्हा तू समोरच्या फुटपाथवर स्कूटरला टेकून उभा होतास. चिंगी म्हणाली, "पप्पा!" आणि जागच्या जागी गोठली. आपल्या बापाला बघून पोरीने असं गोठावं, याचा विचार कर. तू आमच्या मागून आत आलास.

काकांनी तिला स्टुलावर बसवलं. मी घेतली होती तशीच एक दिली, तर ती तिला ढगळ झाली. तेव्हा तू बोललास. "बघा, मी म्हणत नव्हतो?" काय म्हणत नव्हतास, ते तुझं तुलाच माहीत. काकांनी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अजून आखूड मानेची, अजून पातळ पोटाची एक काढली. चिंगीने ती धरली आणि इकडे तिकडे बघायला लागली, काहीतरी विसरल्यासारखी. मी विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "काहीच होत नाहीये."

मग तिने वाजवलं. ते सोपं सुरुवातीचं, पहिल्या वर्षाचं. तू दारात हाताची घडी घालून उभा होतास. तिचं वाजवून झालं, तशी तिने वर बघितलं आणि तुला विचारलं, "पप्पा, तुमचंही दुखतं का?"

मी तुझा चेहरा बघत होते. तू आता 'डोकेदुखी' म्हणशील अशी मला खात्री होती. वहिनी साडीचा पदर पिळत होती. काका उगीचच तारा मोजत होते.

तू म्हणालास, "हो."

बास. एवढंच. मग दोन मिनिटांनी, "खूप," असंही म्हणालास, पण ते जमिनीकडे बघून.

खरं सांगते, दादा. एकोणीस वर्षं मी ज्या एका शब्दासाठी तुझ्यामागे फिरले, तो तिला एका प्रश्नात मिळाला. तिला मिळाला म्हणून बरं वाटलं, आणि मला मिळाला नाही म्हणून तुला तिथेच बदडावंसं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. माणसाचं असंच असतं बहुतेक.

बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "मंगळवारी वर्गात येशील?"

मी नाही म्हटलं.

"मग लोकांना काय सांगू?"

"खरं सांग."

तू हेल्मेट घातलंस. चिंगी मागे बसली, नवी गिटार पाठीला लावून. वळणावर तिने हात हलवला. तू नाही.


२४ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

मी पुढच्या खोलीतलं कपाट हलवून तिथे तीन स्टुलं ठेवली आहेत. बिनहाताची. दाराबाहेर पाटी लावली, 'गिटार शिकवली जाईल'. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. समोरच्या काकू तेवढ्या वाचून गेल्या आणि म्हणाल्या, "छान अक्षर आहे हो."

काल सकाळी बेल वाजली. दारात एक अवाढव्य माणूस. सहा फुटांच्या वर, दाराची चौकट भरून उरलेला, बस चालवतो म्हणाला. मला वाटलं, पत्ता चुकला.

"गिटार शिकायची आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि लाजला. "पण माझं हे आडवं येतं." हे म्हणजे पोट. "मोठी गिटार घेतली की ती पोटावरून पुढे सरकते, मला तारा दिसत नाहीत, हात पोचत नाही. लहान अंगाची जमेल का मला?"

मी त्याला माझी दिली. त्या प्रचंड मांडीवर ती नीट बसली. त्याने एक तार छेडली आणि असा हसला की मलाही हसू फुटलं. पुऱ्या महिन्यात पहिल्यांदा. लहान गिटार म्हणे लेडीज!

जाताना मी विचारलं, "पाटी वाचून आलात का?"

"छे. आधी त्या लॉन्ड्रीवरच्या वर्गात गेलो होतो. तिथल्या सरांनी पाठवलं. वर्ग भरलेला होता, आईबाप बसलेले होते. मी म्हटलं, लहान गिटार चालेल का? तर सर म्हणाले, असल्या गिटारीतलं मला कळत नाही, माझ्या बहिणीला कळतं. तिचं मी वेळेवर ऐकलं नाही. तिच्याकडे जा."

"असं म्हणाले? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. एक लहान मुलगी तर टाळ्या वाजवायला लागली."

तो गेल्यावर मी कागद काढला. आज कुठे हे लिहायला घेतलं.

ही माफी नव्हे, दादा. परक्या माणसाच्या हाती पाठवलेली माफी मी धरत नाही. माईकवर जे बोललास ते तू माझ्या तोंडावर, माझ्या घरी येऊन मागे घ्यायला हवंस, आणि मी त्या डाव्या हाताचं तुझ्या तोंडावर बोलायला हवं. तोवर मी रागावलेलीच आहे, आणि तुला ठाऊक आहे, मला राग धरता येतो.

बसवाल्याला मी शुक्रवारी सकाळी सातची वेळ दिली आहे. त्याचा तास आठला संपतो, ड्यूटी नऊला सुरू होते. आठनंतर तासभर मी मोकळी असते, दारही उघडं असतं.

तुझी बहीण